जुन्या प्लमची छाटणी : जखम, ऋतू आणि संयम

फळझाडाची छाटणी ही झाडावर जाणूनबुजून केलेली जखम असते, आणि ती कोठे, केव्हा व किती मोठी करावी याचे उत्तर झाडाची जात, त्याचे वय आणि तेथील हवामान यांप्रमाणे बदलत जाते. प्लम किंवा आलुबुखार या झाडाच्या बाबतीत हे उत्तर विशेष काळजीपूर्वक शोधावे लागते. कारण सफरचंदाचे किंवा नासपतीचे जुने झाड जी कठोर छाटणी पचवते, ती जुन्या प्लमच्या जिवावर बेतू शकते. हिमाचल प्रदेशातील कुल्लू, सोलन व सिरमौर, उत्तराखंडातील रामगड आणि मुक्तेश्वर, तसेच इंग्लंडच्या वूस्टरशर परगण्यातील ईव्हशमचे खोरे या प्रदेशांत प्लमच्या बागा दीर्घकाळ जोपासल्या गेल्या आहेत, आणि वय झालेल्या, आतून पोकळ व शेंड्याकडे दाट झालेल्या झाडांचे काय करायचे हा प्रश्न तेथील बागायतदारांसमोर वारंवार येतो. त्याचे उत्तर झाडाची फळ धरण्याची पद्धत आणि जखमेला तोंड देण्याची त्याची रीत, या दोन गोष्टी समजून घेतल्याशिवाय देता येत नाही.

प्लम हे गुलाबाच्या कुळातील प्रूनस या प्रजातीचे झाड असून बदाम, पीच, जर्दाळू आणि चेरी ही याच प्रजातीतील झाडे आहेत. या सर्वांची फळे अश्मगर्भी असतात, म्हणजे त्यांच्या गराच्या आत कठीण कवच आणि त्या कवचात बी असते. लागवडीत प्रामुख्याने दोन जाती आढळतात. युरोपीय प्लम, म्हणजे प्रूनस डोमेस्टिका, हिच्या पेशींत 48 गुणसूत्रे असतात आणि हिच्याच काही वाणांची फळे सुकवून टिकवली जातात. जपानी प्लम, म्हणजे प्रूनस सॅलिसिना, ही मूळची चीनमधील असून तिच्या पेशींत 16 गुणसूत्रे असतात. अमेरिकेतील प्रसिद्ध वनस्पतिसंवर्धक लूथर बरबँक यांनी 1885 मध्ये जपानहून प्लमची रोपे मागवली, त्यांचे अनेक संकर केले आणि 1906 मध्ये, आपण जेथे काम करत होतो त्या कॅलिफोर्नियातील गावाचेच नाव देऊन, 'सांता रोझा' हा वाण बाजारात आणला. हाच वाण पुढे हिमाचलातील बागांमध्ये चांगला रुजला. इंग्लंडमधील जुन्या बागांत मात्र 'व्हिक्टोरिया'सारखे युरोपीय वाण दिसतात.

दोन्ही जाती पानगळीच्या आहेत आणि दोघींनाही हिवाळ्यात खरीखुरी थंडी लागते. महाराष्ट्रातील बागायतदार डाळिंबाचे किंवा संत्र्याचे पाणी तोडून झाडाला ताण देतो, त्यातून झाडाला विश्रांती घडवतो आणि मग हवा तो बहार धरतो. प्लमची विश्रांती मात्र पाणी तोडून पूर्ण होत नाही. सुमारे 7 अंश सेल्सिअसच्या खाली काही शे तास गेल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत, आणि प्लमची व्यापारी लागवड मुख्यतः थंड हिवाळ्याच्या प्रदेशांत होण्याचे हे मोठे कारण आहे.

फळ कोठे धरते

छाटणीचा विचार फळ कोणत्या लाकडावर धरते येथून सुरू करावा लागतो. नाशिक किंवा सांगली भागातील द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी तयार केली जाते आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर त्याच काडीच्या डोळ्यांतून घड बाहेर पडतात. म्हणजे फळ देणारे लाकूड तेथे दरवर्षी नव्याने घडवले जाते. पीचचे झाडही बहुतांशी गेल्या हंगामात वाढलेल्या काडीवरच फळते, म्हणून त्याला दरवर्षी भरपूर छाटावे लागते. प्लमची रीत यांहून वेगळी आहे. त्याची बहुतेक फळे दोन वर्षांच्या आणि त्याहून जुन्या फांद्यांवर येणाऱ्या आखूड फळकाड्यांवर धरतात. अशी फळकाडी बोटभर लांबीची, गाठाळ आणि दरवर्षी अगदी थोडी वाढणारी असते. तिच्यावर फुलांचे डोळे दाटीने असतात. युरोपीय प्लम मुख्यतः या फळकाड्यांवर अवलंबून असतो, तर जपानी प्लम फळकाड्यांबरोबरच एक वर्षाच्या लांब काडीवरही फुलतो.

फळकाडी काही वर्षे फळ देते आणि मग थकते. तिच्यावर ऊन पडत असेल तर तिचे आयुष्य वाढते. सावलीत पडली तर ती आधी फुलायची थांबते आणि नंतर वाळून जाते. पुढील वर्षाचे फुलडोळे आदल्या उन्हाळ्यातच घडत असल्यामुळे त्या काळात फांदीला मिळालेला प्रकाश पुढच्या वर्षीच्या पिकावर थेट परिणाम करतो. दुर्लक्षित जुन्या झाडात नेमके येथेच बिघडते. वरच्या व बाहेरच्या फांद्या दाट होतात, आतल्या भागात अंधार पडतो, तेथील फळकाड्या वाळतात आणि फळ धरणारा पट्टा हळूहळू झाडाच्या परिघाकडे व उंचीकडे सरकत जातो. शेवटी फळे शिडीच्या टप्प्याबाहेर लागतात आणि खालच्या फांद्या उघड्या राहतात. जुन्या प्लमच्या छाटणीचा पहिला हेतू यातूनच निश्चित होतो : झाडाच्या आत प्रकाश पोहोचवणे आणि खालच्या, हाती येणाऱ्या भागात नव्या फळकाड्यांना जागा करून देणे.

जखम भरत नाही, बंदिस्त होते

प्राण्याच्या शरीरातील जखम नव्या पेशींनी भरून येते. झाडाच्या बाबतीत मात्र एकदा खराब झालेले लाकूड पुन्हा पूर्ववत होत नाही. झाड त्या भागाभोवती रासायनिक व भौतिक अडथळे उभे करून त्याला बंदिस्त करते आणि त्याच्याबाहेर नवे लाकूड घडवते. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून कुज कशी पसरते याचा अभ्यास केला आणि 1977 मध्ये हा सिद्धान्त तपशिलाने मांडला. त्यांच्या मांडणीनुसार झाड चार प्रकारच्या भिंती उभारते : वरखाली पसरणारी कुज अडवणारी पहिली भिंत सर्वांत दुबळी असते, गाभ्याच्या दिशेने जाणारी कुज अडवणारी दुसरी आणि बाजूने पसरणारी कुज अडवणारी तिसरी भिंत त्याहून बळकट असते, आणि जखम झाल्यानंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाला जुन्यापासून वेगळे करणारी चौथी भिंत सर्वांत भक्कम असते. कित्येक जुनी झाडे आतून पोकळ असूनही वर्षानुवर्षे का फळतात, हे या चौथ्या भिंतीमुळे समजते.

या सिद्धान्तातून कापाच्या जागेविषयीचा नियम निघतो. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे तिच्या बुडाशी किंचित फुगीर कडे दिसते आणि वरच्या बेचक्यात सालीची सुरकुतलेली रेघ असते. हे कडे खोडाच्या पेशींचे असते आणि कुज अडवणारे रक्षक पट्टे तेथेच तयार होतात. पूर्वी फांदी खोडाशी अगदी सपाट कापण्याची पद्धत होती. तिने हे कडेच नष्ट होते आणि कुजेला खोडात थेट वाट मिळते. याउलट हातभर खुंटी सोडली तर ती वाळते, तिच्यावर बुरशी वाढते आणि नवी साल तिच्यावरून पुढे सरकू शकत नाही. म्हणून काप कड्याच्या लगेच बाहेर, कडे शाबूत ठेवून द्यावा. फांदी जड असल्यास तीन कापांची रीत पाळावी : खोडापासून सुमारे 30 सेंटिमीटरवर खालच्या बाजूने फांदीच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत पहिला काप, त्याच्या थोडे पुढे वरून दुसरा काप, म्हणजे फांदी साल न ओरबाडता खाली पडते, आणि उरलेली हलकी खुंटी कड्याजवळ तिसऱ्या कापाने काढून टाकणे.

जखमेचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे. अंगठ्याएवढ्या फांदीचा काप निरोगी झाड एकदोन हंगामांत झाकून टाकते. मनगटाहून जाड फांदीचा काप जुन्या झाडावर अनेक वर्षे उघडा राहतो आणि कधी कधी कायमचाच उघडा राहतो. म्हणून लहान फांद्या काढून काम होत असेल तेथे मोठी फांदी काढू नये. कापावर रंग किंवा डांबर फासल्याने कुज थांबते असा समज जुना आहे, परंतु शायगो आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांना तसे आढळले नाही. लेपाखाली ओल अडकल्यास उलट बुरशीला अनुकूल स्थिती मिळते. भारतीय बागायतीत मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावण्याची शिफारस केली जाते. फ्रान्समधील बोर्दो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी 1885 मध्ये द्राक्षावरील केवडा रोगासाठी पुढे आणलेल्या मोरचूद व चुन्याच्या मिश्रणाचे हे घट्ट रूप असून, 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना स्वतंत्रपणे भिजवून एकूण 10 लिटर पाण्यात त्यांचे मिश्रण करतात. त्यातील तांबे ताज्या पृष्ठभागावर बुरशीचे बीजाणू रुजण्याला काही काळ अटकाव करते. आत शिरलेली कुज मात्र ते बरी करू शकत नाही.

रुपेरी पानांचा रोग आणि छाटणीचा हंगाम

सफरचंद हिवाळ्यात छाटावे आणि प्लम मात्र हिवाळ्यात छाटू नये, असा नियम इंग्लंडमधील बागकामात रूढ आहे आणि त्यामागे एक विशिष्ट रोग आहे. काँड्रोस्टेरियम पर्प्युरियम ही बुरशी ताज्या जखमेतून लाकडात शिरते आणि तेथे एक विषारी द्रव्य तयार करते. ते रसाबरोबर पानांपर्यंत पोहोचले की पानाची वरची त्वचा खालच्या पेशींपासून सुटते, मधल्या पोकळीत हवा शिरते आणि प्रकाशाचे परावर्तन बदलल्यामुळे हिरवे पान शिशासारखे रुपेरी दिसू लागते. बुरशी पानात नसतेच, ती फांदीत असते. म्हणून अशी फांदी आडवी कापली तर आतील लाकडावर तपकिरी डाग दिसतो. फांदी मेल्यानंतर तिच्या सालीवर जांभळट, एकावर एक रचलेल्या चपट्या पापुद्र्यांसारखी बुरशीची फळे येतात आणि ओल्या हवेत, विशेषतः शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत, त्यांतून बीजाणू उडतात. सुप्तावस्थेतील झाड त्या काळात जखमेभोवती अडथळे उभारू शकत नाही, तर उन्हाळ्यात सक्रिय असलेले झाड डिंक आणि नव्या पेशींच्या साहाय्याने जखम लवकर बंद करते. यामुळे इंग्लंडमध्ये प्लमची छाटणी साधारणपणे जून ते ऑगस्ट या काळात, कोरड्या दिवशी करतात. स्यूडोमोनास सिरिंजी या जिवाणूमुळे होणारा खैऱ्या रोगही, ज्यात साल खचते आणि तिच्यातून डिंक पाझरतो, थंड व ओल्या काळातील जखमांतूनच पसरतो, हे या नियमाचे दुसरे कारण होय.

हा नियम हिमालयात जसाच्या तसा लागू करता येत नाही. हिमाचलात प्लम फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास फुलतो, जून-जुलैत त्याची काढणी होते आणि त्याच वेळी मोसमी पाऊस सुरू होतो. म्हणजे इंग्लंडमध्ये ज्या काळात कोरडी हवा शोधून छाटणी केली जाते, तो काळ येथे सर्वांत ओला असतो. म्हणून तेथे मुख्य छाटणी झाड सुप्त असताना, हिवाळ्यातच केली जाते. परंतु रोगाची जाण ठेवणाऱ्या बागायतदाराने ती थंडीच्या सुरुवातीला न करता डोळे फुगण्याच्या थोडे आधी, उघाड पाहून करावी, म्हणजे जखम झाल्यावर थोड्याच दिवसांत झाड जागे होऊन तिला बंदिस्त करू लागते. हिमवृष्टीच्या किंवा पावसाच्या तोंडावर मोठे काप देणे दोन्ही देशांत सारखेच धोक्याचे आहे. तत्त्व एकच असते : जखम कोरड्या हवेत व्हावी आणि झाड लवकरात लवकर कामाला लागावे; त्यासाठीचा महिना मात्र स्थानिक हवामानावरून ठरतो.

झाड राखावे की काढावे

प्रत्येक जुने झाड वाचवण्याजोगे नसते, आणि करवत हातात घेण्यापूर्वी त्याची तपासणी करणे श्रेयस्कर ठरते. व्यापारी बागेत प्लमचे किफायतशीर आयुष्य साधारणपणे पंचवीस-तीस वर्षांचे धरले जाते, जरी एकेकटी झाडे त्याहून बरीच जास्त जगतात. पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे गेल्या हंगामातील नवी वाढ. शेंड्याकडील काड्या वीतभर किंवा त्याहून अधिक वाढल्या असतील तर मुळांत जोम आहे असे समजावे. वाढ दोनचार बोटांपुरतीच असेल तर छाटणीच्या आधी मुळांची आणि मातीची काळजी घ्यावी लागेल. खोडाची पोकळी हे एकटे कारण झाड तोडण्यास पुरेसे नाही, कारण बाहेरचे जिवंत कवच जाड व सलग असेल तर झाड उभे राहते. परंतु खोडाच्या बुडाशी बुरशीच्या पापुद्र्यांची रांग, जमिनीलगत सालीचा मोठा भाग मेलेला किंवा बहुतेक मुख्य फांद्यांवर रुपेरी पाने दिसल्यास झाड काढणेच इष्ट. मोजक्याच फांद्यांवर रुपेरी पाने असतील तर फांदीच्या आडव्या कापावर तपकिरी डाग दिसेनासा होईपर्यंत, आणि त्याच्या खाली आणखी 15 सेंटिमीटर निरोगी लाकूड येईपर्यंत, ती मागे कापून जाळून टाकावी. कलमाच्या जोडाखालून निघालेले फुटवेही या वेळी ओळखून घ्यावेत. हिमाचलात प्लमचे कलम बहुधा रानपीच किंवा रानजर्दाळूच्या खुंटावर बांधलेले असते, आणि खुंटाचे फुटवे वाढू दिले तर मूळ वाण मागे पडून खुंटाचेच झाड होते. असे फुटवे कात्रीने कापण्यापेक्षा माती बाजूला करून उगमापासून ओढून काढावेत, म्हणजे तेथील सुप्त डोळेही निघून जातात.

तीन वर्षांची छाटणी

जुन्या प्लमचे पुनरुज्जीवन एका हंगामात करू नये. झाडाचा साठवलेला अन्नांश मुळे, खोड आणि जाड फांद्या यांत असतो, तर नवे अन्न पानांत तयार होते. एकाच वेळी बराचसा फांदोरा काढला तर मोठ्या मुळांच्या आधारावर थोडेच डोळे उरतात, ते सगळे एकदम फुटतात आणि झाड उभ्या, जोमदार पण फळहीन फुटव्यांनी भरून जाते. या फुटव्यांना वॉटरशूट म्हणतात. ते दिसायला तरतरीत असले तरी काही वर्षे फुलत नाहीत आणि पुन्हा आतला प्रकाश अडवतात. म्हणून कोणत्याही एका वर्षात जिवंत फांदोऱ्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक काढू नये आणि संपूर्ण काम तीन वर्षांवर विभागावे.

पहिल्या वर्षी केवळ वाळलेल्या, मोडक्या आणि रोगट फांद्या काढाव्यात, एकमेकींना घासणाऱ्या दोन फांद्यांपैकी दुबळी काढावी, आणि झाडावर सुकून राहिलेली फळे वेचून नष्ट करावीत, कारण मोनिलिनिया ही तपकिरी कुजीची बुरशी अशा फळांतच पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. अनेकदा एवढ्यानेच झाडाचा मध्यभाग लक्षणीय मोकळा होतो. दुसऱ्या वर्षी उंची कमी करण्याचे काम घ्यावे. येथे फांदी उगमापाशी पूर्ण काढण्याची विरळणी आणि फांदी मध्येच तोडण्याची शेंडाछाट यांतील फरक ध्यानात ठेवावा लागतो : शेंड्याचा डोळा गेला की त्याच्या खालचे अनेक डोळे एकाच वेळी फुटतात, त्यामुळे शेंडाछाटीने गर्दी वाढते, तर विरळणीने ती घटते. उंच फांदी कमी करायची असल्यास ती बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या, स्वतःच्या निदान एक तृतीयांश जाडीच्या उपफांदीपर्यंत मागे आणावी, म्हणजे रसाचा ओघ त्या उपफांदीकडे वळतो आणि कापाभोवती फुटव्यांचा झुबका येत नाही. तिसऱ्या वर्षी दरम्यानच्या काळात आलेल्या वॉटरशूटांची निवड करावी. बहुतेक कोवळे असतानाच काढून टाकावेत, परंतु जेथे जुनी फांदी उघडी पडली आहे तेथील एकदोन फुटवे राखून, दोरीने आडवे वळवून बांधावेत. आडव्या फांदीची शेंडावाढ मंदावते आणि तिच्यावर दोनतीन वर्षांत फळकाड्या तयार होतात. जुन्या झाडावर नवे फळाऊ लाकूड मिळवण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

हत्यारांची शुद्धता हा या कामाचा भाग मानावा. सिकेटर आणि करवत धारदार असावी, आणि रोगट फांदी कापल्यानंतर पाती स्पिरिटने पुसूनच पुढच्या फांदीला लावावीत. काढलेले लाकूड बागेत रचून ठेवू नये, कारण रुपेरी पानांच्या रोगाची बुरशी मेलेल्या लाकडावरच बीजाणू तयार करते.

छाटणीनंतरची निगा

मोठ्या छाटणीनंतर भरपूर नत्र देण्याचा मोह होतो, परंतु त्याने वॉटरशूटच फोफावतात. कुजलेले शेणखत पाणसावलीच्या कडेने, म्हणजे फांद्यांच्या टोकांखालच्या वर्तुळात, पसरून देणे आणि त्या भागातील गवत काढून पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे जुन्या मुळांना अधिक मानवते. आच्छादन खोडाला मात्र चिकटू देऊ नये, अन्यथा तेथील साल ओलीने कुजते. प्लमची बरीच मुळे जमिनीच्या वरच्या थरात असल्याने बुंध्याभोवती खोल खणणी करू नये. सावलीत वाढलेल्या फांद्यांवर अचानक ऊन पडले की त्यांची साल भाजते आणि तडकते, म्हणून छाटणीने उघड्या पडलेल्या जाड फांद्यांना व खोडाला पातळ चुना लावावा.

प्रकाश मिळालेले झाड एखाद्या वर्षी गरजेपेक्षा जास्त फळे धरते, आणि प्लमचे लाकूड ठिसूळ असल्यामुळे फळांच्या भाराने फांद्या मोडतात. व्हिक्टोरिया हा वाण याबद्दल विशेष कुप्रसिद्ध आहे. मोडलेल्या फांदीची फाटकी जखम कोणत्याही कापापेक्षा वाईट असते. म्हणून नैसर्गिक फळगळ झाल्यानंतर, कोय कठीण होण्यापूर्वी, दोन फळांत 5 ते 8 सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी करावी आणि लांब फांद्यांना टेकू द्यावा. झाड भरपूर फुलूनही फळ धरत नसेल तर दोष परागीभवनाचा असू शकतो. अनेक जपानी वाणांना दुसऱ्या वाणाचे पराग लागतात आणि युरोपीय वाणाचे पराग त्यांच्या सहसा उपयोगी पडत नाहीत. अशा वेळी त्याच काळात फुलणाऱ्या दुसऱ्या जपानी वाणाची डोळकाडी जुन्या झाडाच्याच एखाद्या फांदीवर कलम केली तर नवे झाड न लावताही प्रश्न सुटतो.

झाड काढावेच लागले तर त्याच खड्ड्यात पुन्हा प्लम किंवा त्याच्या प्रजातीतील पीच, जर्दाळू लावू नये, कारण त्या मातीत साचलेल्या सूत्रकृमी व बुरशींमुळे नवे रोप खुरटते. नवी लागवड शक्य तितक्या दूरच्या जागी करावी. परंतु खोडाची साल सलग आहे, शेंड्याला वीतभर नवी वाढ आहे आणि रोग मोजक्या फांद्यांपुरताच आहे, असे झाड तोडण्याची घाई करू नये. कोरड्या हवेतील लहान काप, वर्षाला चौथ्या हिश्शाची मर्यादा आणि तीन वर्षांची सबुरी एवढे पथ्य पाळले, तर असे झाड नव्या लावलेल्या कलमाला पहिले भरघोस पीक येईपर्यंतचा काळ तरी निश्चितच भरून काढते.